वेल्समधल्या बिननावाच्या टेकड्या आणि जुने नकाशे

सागरकाठ:

नमस्कार मंडळी. मी काही वर्षांपासून वेल्समध्ये, ॲबरिस्टविथच्या जवळ राहते. घरामागे एक टेकडी आहे, दोनशे मीटरच्या आसपासची. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या आजच्या नकाशावर तिच्या माथ्यावर नुसता उंचीचा आकडा आहे. नाव नाही. हौशी डोंगरयात्रींच्या एका यादीत मात्र नाव सापडलं: पायथ्याच्या फार्मचं नाव आणि पुढे 'हिल'. शेजारी मेंढ्या पाळणारे एक आजोबा आहेत, त्यांचा जन्मच त्या उतारावरचा. त्यांना मी हे नाव सांगितलं, तर मी कुठल्या टेकडीबद्दल बोलतेय तेच त्यांना कळेना.

तिथून माझा शोध सुरू झाला. आता हातात बरंच काही आलंय, म्हणून हा धागा.

आधी याद्यांबद्दल. ब्रिटनमध्ये डोंगरांचं वर्गीकरण नुसत्या उंचीवर होत नाही, उठावावरही होतं. माथ्यावरून दुसऱ्या उंच डोंगराकडे जायचं तर मधल्या खिंडीत उतरावंच लागतं. त्या खिंडीपासून माथा किती वर, तो उठाव. १५० मीटर उठाव असलेल्यांना 'मॅरिलिन' म्हणतात. ॲलन डॉसन यांनी ही यादी १९९२ साली प्रसिद्ध केली. वेल्सच्या हौशी मंडळींनी याहून खाली, ३० मीटर उठावापर्यंतच्या याद्या केल्या. ३० मीटर म्हणजे आठ-दहा मजली इमारत. इतक्या खाली आलं की शेताच्या बांधामागची टेकडीही यादीत येते, आणि यादीत आली की तिला नाव लागतं. नकाशावर नाव नसेल तर जवळच्या फार्मचं, नाहीतर रानाचं नाव उचलून पुढे 'हिल' किंवा 'टॉप' जोडलं जायचं. ते तात्पुरतं नाव मग एका यादीतून दुसरीत, तिथून मोबाइल ॲपमध्ये जातं आणि दहा वर्षांत खरं वाटायला लागतं.

आता खरं नाव कुठे शोधायचं? माझी शोधाची वाट सांगते.

सगळ्यांत सोपा, सहा इंची नकाशा. एका मैलाला सहा इंच. वेल्सच्या बहुतेक भागाची या मापाची मोजणी १८७०-८० च्या दशकांत झाली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट आहेत, वेल्सचेसुद्धा. आजच्या उपग्रहचित्रावर जुना नकाशा ठेवून एक पट्टी सरकवली की जुनं विरळ होत जातं आणि खालून आजचं दिसू लागतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत ती पट्टीच सरकवत बसले होते.

त्याच्या मागचे म्हणजे सर्व्हेच्या मोजणीदारांनी हातानं काढलेले मूळ आराखडे. मैलाला दोन इंच, १८४० च्या आधीचे. ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. समोच्चरेषा तेव्हा नव्हत्या. उताराच्या दिशेनं बारीक रेघा ओढून डोंगर उभा करायचे. नावं हातानं लिहिलेली, त्यामुळे 'n' की 'u' यावर तासन्‌तास जातात.

आणि तिसरे, माझ्या मते सगळ्यांत मोलाचे, टाइद नकाशे. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. पूर्वी तो धान्य, लोकर, कोकरं अशा रूपात देत. १८३६ च्या कायद्यानं त्याचं रोख रकमेत रूपांतर केलं. कुणी किती भरायचं ते ठरवायला पॅरिशनिहाय (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) नकाशे काढले आणि प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. सोबत भलीमोठी नोंदवही: मालक कोण, कसतो कोण, तुकड्याचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र किती एकर-रूड-पर्च (तेव्हाची जमिनीची मापं). वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं हे एक हजाराहून जास्त नकाशे नोंदवह्यांसकट ऑनलाइन ठेवलेत, आणि शेताच्या नावानंही शोधता येतं.

माझ्या टेकडीचा माथा जिथे येतो, त्या तुकड्याचं १८४० च्या दशकातलं नाव मिळालं: 'काय पेन अ बांक'. वेल्शमध्ये शेताला 'काय' म्हणतात. 'पेन' म्हणजे डोकं, माथा. 'बांक' हा या परगण्यात, केरेडिगिऑनमध्ये, टेकडीसाठी रोजचा शब्द. टेकडीच्या माथ्यावरचं शेत!

माझा प्रश्न असा: एवढ्या पुराव्यावर यादी करणाऱ्यांना दुरुस्ती पाठवावी का? की हे शेताचं नाव झालं, टेकडीचं नव्हे? (फार्मचं नाव मुद्दाम देत नाही, आजोबांचं घर ओळखू येईल.)

कातळकडा:

वा! सागरकाठताई, जेवण बाजूला ठेवून वाचलं. नोंदवहीत प्रत्येक शेताचं नाव मिळतंच का? आणि डोंगराळ भागातही?

सागरकाठ:

नाही हो, तिथेच खरी अडचण. खालच्या, बांध घातलेल्या शेतांची नावं छान मिळतात. जसजसं वर जावं तशी नोंद आटत जाते. उघड्या डोंगरावर दोन-दोन हजार एकरांचा एकच तुकडा आणि त्यापुढे नुसतं 'मेंढ्यांचं कुरण'. काही पॅरिशमध्ये तर अख्ख्या फार्मला एकच नंबर, आतल्या शेतांची नावंच लिहिलेली नाहीत. त्यामुळे गंमत अशी की उंच डोंगरापेक्षा बुटक्या टेकडीचं नाव या नकाशांतून सापडण्याची शक्यता जास्त. माथ्यापर्यंत नांगर पोचला असेल तर नाव पोचलेलं असतं.

मोजणीदार:

मी भूमी अभिलेखमध्ये तीस वर्षं मोजणी केली, पुणे जिल्ह्यात. १८३६ साल वाचलं आणि खुर्चीत ताठ बसलो. आपल्याकडे इंदापूर तालुक्याची पहिली तीस वर्षांची जमाबंदी त्याच सुमाराची, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची. म्हणजे तिकडे दशमांशासाठी आणि इकडे शेतसाऱ्यासाठी, एकाच काळात शेताशेताला नंबर पडत होते.

आपल्या सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे, तो किती जणांनी नीट पाहिलाय? खूपदा कोरा असतो. जिथे भरलेला असतो तिथे मात्र चिंचेचं, खळ्याचं, पांढरीचं असं काही वाचायला मिळतं आणि शिवार डोळ्यांसमोर येतं.

ताई, एक सूचना. नंबराची हद्द आणि माथा यांचा मेळ कसा घातलात? जुन्या नकाशाचं माप सगळीकडे सारखं नसतं. मोजणीची एखादी साखळी इकडे-तिकडे झाली की माथा शेजारच्या नंबरात जातो.

सागरकाठ:

मोजणीदारकाका, अगदी बरोबर नस पकडलीत. टाइद नकाशांतले सगळेच काटेकोर नव्हते. पैसे वाचवायला अनेक पॅरिशनी जुन्या जमीनदारी नकाशांवरूनच नक्कल करून घेतली. टाइद आयुक्तांनी पहिल्या दर्जाचा म्हणून शिक्का मारला असे नकाशे थोडेच. म्हणून मी थेट टाइदवरून आजच्या नकाशावर उडी मारली नाही. मध्ये १८८० च्या दशकातला पंचवीस इंची नकाशा घेतला. त्यावर बांध न्‌ बांध दिसतो. टाइदमधला ओढा, वाटेचं वळण आणि तीन शेतांचा तिकोना आधी त्यावर जुळवला, मग तिथून आजच्यावर. माथा हद्दीपासून चांगला चाळीस-पन्नास पावलं आत आहे.

अनुस्वार:

भाषेबद्दल थोडं, कारण नकाशात शोधणारे इथेच फसतात. मी वेल्श शिकतोय, दोन वर्षं झाली.

मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं शेपूट बदलतं, घोडा-घोड्याला. वेल्शमध्ये तोंड बदलतं. 'मोइल' म्हणजे बोडका डोंगर. आधी 'अ' हे उपपद (इंग्रजी 'the' सारखं) आलं की 'अ वोइल'. 'क्राइग' म्हणजे कडा, तो 'ग्राइग' होतो. 'कोख' म्हणजे लाल, तो 'गोख' होतो. उत्तर वेल्समधल्या स्नोडोनियात 'मनिद ग्राइग गोख' नावाचा डोंगर आहे, लाल कड्याचा डोंगर. शब्दकोशात 'ग' खाली ग्राइग शोधाल तर जन्मात सापडणार नाही. 'ग' नं सुरू होणाऱ्या शब्दांचा तर 'ग' च गळतो, 'ग्वाइन' म्हणजे माळ, त्याचं 'अ वाइन'. म्हणून सांगतो, टाइदच्या शोधखिडकीत 'मोइल' टाकून थांबू नका, 'वोइल' ही टाका.

दुसरं, नोंद करणारे कारकून पुष्कळदा इंग्रजी वळणाचे. वेल्श लिपीत 'व' च्या उच्चाराला एक 'f' लिहितात. कारकून तिथे सरळ 'v' लिहायचे. 'बांक' चं 'बँक' करायचे. आजचं प्रमाण वेल्श लेखन १९२८ साली ठरलं, त्यामुळे त्याआधीच्या नकाशात एकाच टेकडीची चार स्पेलिंगं असली तरी ती चार नावं समजू नयेत. कानाला लावून वाचायचं.

आणि सगळ्यांत मोठं उदाहरण 'अर एइव्हल'. लीन द्वीपकल्पावरचा तीन शिखरांचा डोंगर, साधारण ५६० मीटरचा. नावाचा अर्थ बेचकं. लांबून पाहिलं तर शिखरांमधल्या खाचा तशाच दिसतात. इंग्रजी कानाला ते 'द रायव्हल्स' ऐकू आलं आणि तसंच नकाशावर चढलं. बेचक्याचे प्रतिस्पर्धी झाले!

पाऊलवाट:

लेख आवडला, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. 'टेकडीच्या माथ्यावरचं शेत' हे शेताचंच नाव आहे. आमच्या गावात 'टेकाडावरचं वावर' असं एक वावर आहे, म्हणून त्या टेकाडाचं नाव 'टेकाडावरचं वावर' होत नाही. ज्या टेकडीला नाव नाही तिला नाव नाही म्हणावं. जुन्या कागदातून ओढूनताणून काढलेलं नाव आणि फार्मच्या पुढे 'हिल' लावलेलं नाव, दोन्ही बाहेरच्यांनीच दिलेली.

सागरकाठ:

पाऊलवाट, याच आक्षेपासाठी धागा काढला होता. मनापासून आभार.

तुमचं निम्मं मला पटतं. पूर्ण 'काय पेन अ बांक' हे टेकडीचं नाव म्हणून लावणं चूकच होईल. पण शेताचं नाव उलगडून पाहिलं तर आत टेकडीचं नाव बसलंय: 'अ बांक'. उपपदासकट. कुठलीतरी टेकडी असं त्यात नाही, 'ती' टेकडी आहे. त्या घरातल्या माणसांना एकच बांक होता आणि सगळ्यांना माहीत होता. तुमच्या गावात 'टेकाडावरचं वावर' आहे म्हणजे लोक त्याला 'टेकाड' म्हणतात हे तरी सिद्ध होतंच ना? 'हिल' लावणारा माणूस इथे राहिला नाही. 'बांक' म्हणणारा रोज तिथे चढला.

पण एका कागदावर निकाल द्यायचा नाही, हेही खरं. कारण नकाशावरचं अक्षर जागा असेल तिथे छापलं जातं. नाव माथ्याचं, उताराचं, की खालच्या घराचं, हे अक्षरांच्या ठेवणीवरून पक्कं कळत नाही. 'मनिद' या शब्दानं तर कित्येक जण फसतात. शब्दकोशात डोंगर, पण गावच्या बोलण्यात पुष्कळदा त्याचा अर्थ बांध नसलेलं चराऊ रान, आपलं गायरान. 'मनिद अमुक' छापलंय म्हणजे अमुक नावाचं शिखर आहे असं नाही. अमुक फार्मच्या मेंढ्या जिथे चरतात ते रान असू शकतं.

हे सगळं एका फटक्यात सोडवणारा पुरावा एके काळी होता. सहा इंची मोजणीच्या वेळी सर्व्हेकडे नाववह्या असत. प्रत्येक नावापुढे त्याची वेगवेगळी स्पेलिंगं, ती कुणी सांगितली (जमीनदार, पाद्री, शाळामास्तर), आणि ते नाव नेमकं कशाचं याचं दोन ओळींत वर्णन. स्कॉटलंडच्या वह्या आजही वाचता येतात. वेल्सच्या त्या पिढीतल्या वह्या १९४० साली साउथॅम्प्टनवर बॉम्ब पडले तेव्हा सर्व्हेच्या मुख्यालयासोबत जळाल्या. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. कुणीतरी पावसात, चिखलात दारोदार जाऊन विचारलं होतं, ही टेकडी कोणती, आणि उत्तर लिहूनही घेतलं होतं.

कातळकडा:

नाववह्यांचं वाचून गलबललं. ताई, लिहीत राहा.

गारवा:

मी कार्डिफला असते. आमच्याकडे, आग्नेय वेल्समध्ये, 'बांक' फारसा कानावर येत नाही. इकडे 'तुइन'. कुठल्याही दरीतून वर पाहा, चार तुइन दिसतील. म्हणजे नावातल्या शब्दावरूनही अंदाज येतो की नाव गावचं आहे की कुणी बाहेरून चिकटवलंय.

आणि नावं नुसती हरवतात असं नाही, झाकलीही जातात. ॲबरगॅव्हेनीजवळचा 'शुगर लोफ' डोंगर सगळ्यांना ठाऊक, त्याचं वेल्श नाव 'मनिद पेन अ वाल' किती जण घेतात? तुमच्या ॲबरिस्टविथचंच घ्या. समुद्राकाठी १८९६ पासून तारेवर ओढल्या जाणाऱ्या डब्यांची रेल्वे ज्या टेकडीवर चढते ती 'कॉन्स्टिट्यूशन हिल'. पर्यटकांना तेवढंच माहीत. तिचं वेल्श नाव क्राइग ग्लाइस.

सागरकाठ:

गारवा, आम्ही रोज संध्याकाळी क्राइग ग्लाइसवर फिरायला जातो. मुलगी तेच नाव घेते, शाळेत वेल्श माध्यम आहे ना.

उत्तरायण:

एक शंका. शेवटी नाव ठरवतं कोण? समजा तुम्ही सिद्ध केलंत, तर ऑर्डनन्स सर्व्हे छापेल का?

अनुस्वार:

मला माहीत आहे तेवढं सांगतो. बदल होतात. स्नोडोनियातल्या कार्नेदाइ डोंगररांगेतल्या 'गार्नेद इखाव' चं नाव २००९ मध्ये 'कार्नेद ग्वेनलियन' झालं, मध्ययुगातल्या राजकन्येच्या स्मरणार्थ. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानानं वेल्सच्या सर्वांत उंच शिखरासाठी स्नोडनऐवजी 'अर विद्वा' हेच नाव वापरायचं ठरवलं. पण ही मोठी शिखरं, त्यांच्यासाठी माणसं सह्या गोळा करतात.

छोट्यांसाठी दुसरी सोय आहे. २०१६ च्या वारसा कायद्यानुसार ऐतिहासिक स्थलनामांची सूची करणं वेल्समध्ये बंधनकारक झालं. ती २०१७ मध्ये साडेतीन लाखांवर नावांनिशी खुली झाली आणि वाढतेच आहे. तिच्यात शेतांची नावंसुद्धा आहेत. ते नाव वापरलंच पाहिजे अशी सक्ती नाही, पण नवं घर किंवा रस्ता यांना नाव देताना सूची पाहावी अशी अपेक्षा आहे. बँगोर विद्यापीठाचं मेलव्हिल रिचर्ड्स संग्रहही पाहा. एका माणसानं आयुष्यभर चिठ्ठ्यांवर उतरवलेल्या स्थलनामांच्या नोंदी, तीन लाखांच्या घरात.

मोजणीदार:

नावाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. एव्हरेस्ट कुटुंबाची इस्टेट वेल्समध्येच होती, क्रिकहॉवेलजवळ ग्वेर्नवेल इथे. भारताच्या महासर्वेक्षणाचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट. खुद्द त्यांचा रिवाज असा की शिखराला तिथलं नाव असेल तर तेच नकाशावर घ्यावं. त्यांच्यानंतर आलेल्या अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये त्यांचं नाव सुचवलं, तेव्हा एव्हरेस्ट यांनी हरकत घेतली होती की हे नाव तिथल्या लोकांना उच्चारता यायचं नाही. तरी १८६५ मध्ये ते कायम झालं आणि चोमोलुंग्मा मागे पडलं. ताईंची दोनशे मीटरची टेकडी आणि ते ८,८४९ मीटरचं शिखर, दोन्हींकडे चूक एकच: पायथ्याशी विचारलं नाही.

पाऊलवाट:

उपपदाचा मुद्दा मान्य. 'अ बांक' पर्यंत मी यायला तयार आहे. पण पायथ्याशी विचारा. तुमचे आजोबा काय म्हणतात?

सागरकाठ:

काल जाऊन आले, म्हणून उत्तराला उशीर.

आधी टाइद नकाशा दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. मीच नाव पुढे केलं तर भिडेखातर माणूस हो म्हणतो. म्हणून खिडकीतून बोट दाखवून विचारलं, कोकरं कुठे आहेत? ते म्हणाले, "अर बेन अ बांक." बांकच्या माथ्यावर. (अनुस्वार, 'पेन' चं 'बेन' झालेलं मी ऐकलं!) मग विचारलं, पलीकडच्या दरीतले लोकही असंच म्हणतात का? तर नाही. पलीकडच्यांचा बांक दुसरा. ते हिला अलीकडच्या फार्मच्या नावानं ओळखतात, 'बांक' पुढे ते नाव. बायको पलीकडची होती, तिच्या तोंडून पन्नास वर्षं तेच ऐकलं म्हणाले.

घरी येऊन पलीकडच्या पॅरिशचा टाइद काढला. हद्द टेकडीच्या कण्यावरूनच जाते. हद्दीला लागून असलेल्या तुकड्याच्या नावात 'बांक' आणि पुढे आमच्या बाजूच्या फार्मचं नाव, स्पेलिंग मोडकंतोडकं, पण तेच. म्हणजे अलीकडे नुसतं 'अ बांक' आणि पलीकडे पूर्ण नाव. यादीसाठी मी पूर्ण नाव पाठवलं, कारण नुसते बांक या परगण्यात शेकड्यांनी आहेत, आणि सोबत दोन्ही नोंदी, दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून दिलं. गंमत म्हणजे 'हिल' लावणाऱ्यानं फार्म बरोबर निवडलं होतं. शब्द तेवढा चुकला.

निघताना मात्र नोंदवहीची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवली. चष्मा लावून त्यांनी त्यांच्या फार्मची सगळी शेतं बोटानं वाचली. दोन ठिकाणी पेन्सिलीनं कारकुनाचं स्पेलिंग दुरुस्त केलं. सतरापैकी अकरा नावं ते अजून वापरतात. तीन कधी ऐकलीच नव्हती. तीन शेतांमधले बांध त्यांच्या वडिलांनी काढून एक शेत केलं, तेव्हा दोन नावं गेली आणि एक उरलं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि ओढ्याकाठच्या चार तुकड्यांची नावं सांगायला सुरुवात केली, जी कुठल्याच नकाशात नाहीत. मी ती लिहून घेतली आहेत. उरलेली सांगायला त्यांनी शनिवारी बोलावलंय.